पेट्रोलला शिव्या देण्याआधी

आपल्या वऱ्हाडात जुन्या मोटरसायकलीच्या कुठल्याही दुखण्याची तीनच कारणं असतात: ऊन, पेट्रोल आणि गाडीचं वय. मिस्त्रीसमोर गाडी उभी करायची, त्याने दोनदा अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा, की निदान तयार. "पेट्रोलच खराब येऊन राह्यलं भाऊ." "एवढ्या उन्हात माणूस टिकत नाही, हे तर मशीन हाये." आणि शेवटी रामबाण उपाय, "जेट एक नंबर मोठा टाकून देतो, टेन्शन नको घेऊ." आपण मान डोलावतो, पैसे देतो आणि महिन्याभराने परत तिथेच येऊन उभे राहतो.

मला या तिन्ही वाक्यांशी भांडायचं आहे. आणि या भांडणात साक्षीदार म्हणून राजदूत ३५० इतकी चांगली गाडी नाही. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८३ मध्ये बाजारात आणलेली, ३४७ सीसीची, टू-स्ट्रोक. तिला दोन सिलिंडर आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र कार्ब्युरेटर. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे अशी एक आहे. तिचा उजवा प्लग छान चॉकलेटी यायचा आणि डावा पांढराफटक. म्हणजे डाव्या सिलिंडरमध्ये हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत होतं, ज्याला आपण गाडी 'लीन' चालते म्हणतो. त्यांना तीन ठिकाणी तीच तीन वाक्यं ऐकायला मिळाली. डाव्या बाजूचा पिस्टन दोनदा बदलून झाला.

आता सांगा, दोन्ही सिलिंडर पेट्रोल एकाच टाकीतलं पितात. ऊन दोघांवर सारखंच पडतं. वय दोघांचं एकच. मग यातलं काहीही एकाच सिलिंडरला कसं काय बाधेल? पेट्रोल खराब असेल तर दोघांना खराब. एकच आजारी पडला असेल, तर दोघांमध्ये जे वेगळं आहे तेच शोधायला हवं. एवढी साधी गोष्ट!

बरं, उन्हाची गोष्ट तर चक्क उलटी आहे. हवा तापली की विरळ होते. ४५ अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा साधारण ११ टक्के हलकी असते, आणि कार्ब्युरेटर काही त्या प्रमाणात पेट्रोल कमी करत नाही. म्हणजे अकोल्याच्या मे महिन्यात मिश्रणात पेट्रोल किंचित जास्तच होतं. हजार मीटरच्या वर असलेल्या चिखलदऱ्याला जुनी गाडी जड चालते तीही याच कारणाने. लीन गाडी जास्त त्रास देईल ती जानेवारीतल्या पहाटे. उन्हाने इंजिन नीट थंड होत नाही, हे खरं. पण मिश्रण बिघडवल्याचा आरोप उन्हावर टिकत नाही.

इथेनॉलचा आरोप मात्र खोटा नाही. २०२५ पासून पंपांवर सरसकट २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, तर या मिश्रणाला साधारण साडेतेरा. जुना जेट मोजून तेवढंच पेट्रोल सोडतो, म्हणून गाडी सात-आठ टक्के लीन होते. अशा पेट्रोलसाठी न बनलेल्या गाड्यांच्या मालकांना पंपावर दुसरा पर्याय नाही, ही तक्रार रास्तच आहे. पण हे सात-आठ टक्के दोन्ही सिलिंडरांना लागू होतात ना? त्यासाठी जेट मोठे करायचे तर दोन्हीकडचे करा. कुणी म्हणेल, इथेनॉल जुनी रबरं खातं, त्यातलं एखादं आधी फाटलं असेल. शक्य आहे. पण मग ते फाटलेलं रबर शोधा की! जेट कशाला बदलता?

मोठ्या जेटचा हट्ट मला सगळ्यात जास्त खटकतो. मेन जेटचं खरं राज्य थ्रॉटल पाऊण उघडल्यानंतरचं. त्याआधी मधल्या टप्प्यात सुई आणि अगदी खाली पायलट जेट काम बघतात. कुठल्या फटीतून इंजिन बाहेरची हवा ओढत असेल, तर तिचा परिणाम सगळ्यात जास्त दिसतो तो आयडलवर, कारण तिथे मुळात हवाच कमी लागते. गाडीचा आवाज चढलेला राहतो, थ्रॉटल सोडला तरी पटकन खाली येत नाही. तिथे मोठ्या मेन जेटचा उपयोग शून्य. आणि वरच्या टप्प्यात तो दुखणं झाकून टाकतो. फट तशीच राहते, हळूहळू वाढते.

हे सगळं नुसतं पैशाचं असतं तर मी इतका तावातावाने लिहिलं नसतं. लीन सिलिंडर जास्त तापतो. पिस्टन फुगून बोअरमध्ये अडकतो, नाहीतर त्याला सरळ भोक पडतं. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे जाणारा रस्ता आता असा झालाय की थ्रॉटल किलोमीटरच्या किलोमीटर उघडा राहतो (२०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण विक्रमी वेळात झालं होतं). अशा वेळी ऐंशीच्या वेगात इंजिन जाम झालं तर मागचं चाक जागीच अडकतं. क्लच दाबायला अर्धा सेकंद मिळतो. मागून ट्रक येत असतो.

आणि शोधणं तरी किती कठीण आहे? आधी डावा प्लग उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावा. मग जेट आणि सुया अशाच अदलाबदल करा. दुखणं जेटबरोबर उजवीकडे गेलं तर दोष जेटचा, तिथेच राहिलं तर जेट निर्दोष. या गाडीत दोन्ही सिलिंडरांचे सीबी पॉइंट वेगळे असतात, तेव्हा डाव्याचं टायमिंग पुढे सरकलंय का तेही बघा, कारण त्यानेही पिस्टन जळतो आणि बिल लीन मिश्रणावर फाटतं. मग कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरावर, गाडी चालू असताना, साबणाचं पाणी फवारा. आवाज बदलला की फट सापडली. (पेट्रोल शिंपडणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून लांब उभे राहा.)

तरीही नाही सापडलं तर इनटेक आणि सायलेन्सरची तोंडं बंद करून आत थोडी हवा भरायची. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा आणि त्याचा काटा एवढ्यावर भागतं. काटा टिकला तर ठीक, उतरला तर साबणाचं पाणी फट दाखवतं. त्या गृहस्थांच्या गाडीत शेवटी याच रीतीने सापडलं, मॅग्नेटोच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील! उजवीकडचं सील गेलं असतं तर क्लचकडचं ऑइल आत येऊन धूर दिसला असता. डावीकडचं कोरडं, तिथून फक्त हवा येते. ना धूर, ना डाग. दोन पिस्टनांच्या मानाने सीलची किंमत काहीच नव्हती.

मग मिस्त्री हे का करत नाहीत? त्यांना येत नाही म्हणून? मला तसं वाटत नाही. त्यांना आपण त्याचे पैसे देत नाही म्हणून. पिस्टन बदलला की आपण बिल भरतो, कारण हातात जुना पिस्टन मिळतो. पण अर्धा दिवस प्लग बदलून, फुगा लावून, काट्याकडे बघत बसलेल्या माणसाने तीनशे रुपये मागितले की आपणच म्हणतो, "केलं काय तुम्ही? नुसतं पाहिलं तर!" पाहण्याचे पैसे मिळत नसतील तर तो पाहील कशाला? तो वस्तू विकेल. आणि वस्तू विकायची तर ऊन, पेट्रोल आणि वय ही तीन कारणं फार सोयीची, कारण ती कुणालाच दुरुस्त करता येत नाहीत.

२०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून नव्या गाड्यांत बहुतेक इंजेक्शनच येतं. तिथे स्कॅनर लावला की तपासणीचे पैसे आपण निमूट देतो, कारण स्क्रीनवर आकडा दिसतो. मग कानाने आणि हाताने तपासणाऱ्यालाच फुकट का राबवायचं? पुढच्या वेळी गाडी घेऊन जाल तेव्हा आधीच सांगा, "काही बदलू नका. फक्त शोधा. शोधण्याचे पैसे वेगळे देतो." मिस्त्री आधी तुमच्याकडे संशयाने बघेल. मग बहुधा पोऱ्याला चहा सांगेल, स्टूल ओढेल आणि बसेल गाडीशेजारी.

असो. बघा पटतंय का.