नियम हाच आपला वशिला

भनपुरी, उरला, सिलतरा हा रायपूरचा कारखान्यांचा पट्टा. दाराशी एवढे उद्योग असताना पदवीधर सरकारी भरतीचे अर्जच का भरत बसतो, असे विचारले जाते. उत्तरही ठरलेले असते: आळस आणि आरामाच्या खुर्चीची हाव. नागपूर-पुण्याच्या अभ्यासिकांतल्या आपल्या मुलामुलींनाही हेच ऐकवतात.

प्रश्न उलटा करून पाहू. खासगी कंपनीत खुर्ची कोणाला मिळते? बऱ्याचदा ओळखीतल्याला. जाहिरात निघेलच असे नाही, गुणयादी लागत नाही, नकाराचे कारण कोणी सांगत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश होती, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. पदवी तीच, आडनाव वेगळे.

सरकारी भरतीत जाहिरात काढावी लागते, परीक्षा घ्यावी लागते, बिंदुनामावली पाळावी लागते. कलम १६(४) आरक्षणाला आधार देते. कलम ३११ मुळे कायम नोकराला सहसा चौकशीशिवाय काढता येत नाही. ज्याच्या घरात शिफारस करणारे कोणी नाही, त्याचा वशिला म्हणजे हे नियम. पहिल्या पिढीचा पदवीधर तिकडे वळतो तो हिशेब करूनच.

सरकारी कचेरी जातमुक्त आहे, असा याचा अर्थ नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकत. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. नियम दारातून आत नेतो. आतला मान वेगळा लढून मिळवावा लागतो.

आता ते दारच अरुंद होते आहे. छत्तीसगडमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ५८ टक्के आरक्षण रद्द केले आणि भरती अडकली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने ती पुढे सरकली. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला. तरुणांच्या रोषानंतर ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. कंत्राट आले की खुर्ची सरकारी राहते, नियम मात्र ठेकेदाराचा होतो.

म्हणून नुसता अभ्यास पुरणार नाही. माहितीच्या अधिकारात आपल्या विभागाची बिंदुनामावली आणि अनुशेष मागा. कंत्राटी जागांवर आरक्षण कुठे आहे, हे लेखी विचारा. खासगी क्षेत्रातही जाहिरात आणि प्रतिनिधित्व मागा. एकाची निवड घर उभे करते. नियम टिकला तर वस्ती उभी राहते.