तळ्यालाही सुट्टी द्या!

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत एकच चर्चा, ‘पाचगणीला कधी निघायचं?’ टेबललँड, स्ट्रॉबेरी विथ क्रीम, कानटोप्या, सगळा बेत ठरलेला. पण ज्यांच्या घरचा तिथे बंगला आहे आणि बागेत छोटंसं तळं, त्यांना भलतीच काळजी. ‘एवढ्या थंडीत मासे जगतील ना?’ दर हिवाळ्यात कुणी ना कुणी मला हे विचारतंच.

जगतील हो! पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर. जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. शेजारच्या महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसल्याचे फोटो पेपरात झळकतात. पण गोठतं ते गवतावरचं दव, तलाव नव्हे. त्यामुळे परदेशी पुस्तकांतला हीटरचा आणि बर्फ फोडायचा फंडा इथे विसरा. गोल्डफिश आणि कोई मुळात थंड पाण्यातलेच. गप्पी मात्र उष्ण प्रदेशातला; त्याला हिवाळ्यापुरतं घरातल्या टाकीत हलवलेलं बरं.

मग मासे दगावतात कशाने? बऱ्याचदा आपल्या लाडाने! पाणी गार झालं की माशाचं शरीरही गार होतं आणि पचन मंदावतं. आपण मात्र शनिवारी पोचल्या पोचल्या आठवड्याभराचं प्रेम मुठीमुठीने ओततो. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं, त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो संपवणारे जीवाणूही थंडीत सुस्तावलेले असतात. पाणी वरून दिसतं स्वच्छ, पण माशांसाठी ते विष!

म्हणून एक साधा थर्मामीटर घ्या. पाणी १५ अंशांच्या खाली गेलं की खाद्य निम्म्याहून कमी, १० च्या खाली गेलं की पूर्ण बंद. बंगल्यावरच्या काकांनाही हे नीट सांगून ठेवा, नाहीतर ते बिचारे मायेने घालतच राहतील.

बाकी कामं दहा मिनिटांची. सिल्व्हर ओकची पानं पाण्यात पडली की जाळीने काढायची. ती कुजताना ऑक्सिजन खातात. कमळाची वाळलेली पानं कापायची, कंदाला हात लावायचा नाही. पाणी घटलं तर नळाचं पाणी उघड्या पिंपात दिवसभर ठेवून मगच ओतायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. आणि एकदम सगळं तळं रिकामं करून घासायचा उत्साह? तो उन्हाळ्यासाठी राखून ठेवा.

मासे तळाशी गप्प बसलेले दिसले तर घाबरू नका, ते आराम करतायत. पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर मात्र लगेच थोडं पाणी बदला. एरवी शाल गुंडाळा, चहाचा कप घ्या आणि काठावर निवांत बसा. हिवाळ्यात तळ्याची सगळ्यात मोठी सेवा हीच!