सुका कचरा आधी सुका तर हवा

दुधाची पिशवी उघडताना बहुतेक घरांत तिचा कोपरा पार कापून टाकतात. नखाएवढा तो त्रिकोण पुढे कोणाच्याच हाती लागत नाही. भाजीच्या देठांबरोबर तो खतात जातो, नाहीतर मोरीतून गटारात. देठांचे खत होते, त्रिकोण तसाच राहतो. तोच कोपरा अर्धवट कापून पिशवीला लटकत ठेवला, पिशवी विसळून वाळवली, तर ती भंगाराच्या दुकानात विकली जाते, कारण तिचे पॉलिथिन वितळवून पुन्हा वापरता येते. ओट्यामागच्या फरशीवर ओल्या पिशव्या चिकटवून वाळवायच्या आणि महिनाअखेरीस रद्दीबरोबर विकायच्या, ही रीत मराठी घरांतल्या बायकांनी कोणत्याही अभियानाआधी पाडली होती. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा सरकारनेही दुधाच्या पिशवीवर किमान 50 पैसे पुनर्खरेदी किंमत छापण्याची अट घातली. पिशवीला मोल आहे हे त्यामुळे कागदावर तरी मान्य झाले.

पुनर्चक्रण म्हटले की डोळ्यांसमोर कारखाना, यंत्रे आणि सरकारी योजना येतात. पण वर्तमानपत्राचा पुन्हा कागद होणार की चिखल, हे त्याच्या कितीतरी आधी, ओट्याखालच्या डब्यापाशी ठरते. चहाचा चोथा आणि कालची आमटी ज्या पुठ्ठ्यावर सांडली, तो पुठ्ठा संपला. नंतर कितीही चांगले यंत्र आणले तरी त्याची किंमत परत येत नाही. म्हणून घरात, कार्यालयात आणि शाळेत करण्याजोग्या शंभर गोष्टींची यादी देण्यापेक्षा एकाच गोष्टीचा आग्रह धरायला हवा. सुका कचरा सुका आणि जमेल तितका स्वच्छ राहिला पाहिजे.

या आग्रहामागे माणसे आहेत. पुण्यात 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठात काम करणाऱ्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी कचरावेचक बायकांबरोबर केलेल्या कामातून ही संघटना आकाराला आली. कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाती ओळखपत्र आले, पोलिसांच्या संशयातून तिची थोडी तरी सुटका झाली. पुढे 2008 मध्ये याच कष्टकऱ्यांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. घरटी मिळणारे मासिक शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे, या दोन्हींवर तिच्या सभासदांचे घर चालते.

वर्गीकरणाच्या जागी ही बाई काय करते, ते एकदा जवळ उभे राहून पाहावे. पोत्यातून आलेली प्रत्येक पिशवी ती सोडते, कारण लोकांनी गाठी घट्ट मारलेल्या असतात. पांढरा कागद एकीकडे, रंगीत कागद दुसरीकडे, पुठ्ठा तिसरीकडे. पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, त्यांची झाकणे वेगळी, कारण दोघांचे प्लास्टिक निराळे. पत्रा, काच, तुटक्या बादल्या, शाम्पूच्या बाटल्या. मुंबईत धारावीच्या तेरा कंपाऊंडमध्ये तर जाणते कामगार प्लास्टिकचा तुकडा वाजवून किंवा जाळून त्याची जात ओळखतात. एवढे कौशल्य वापरून वेगळा केलेला माल ओला निघाला, तर भंगारवाला भाव पाडतो किंवा घेतच नाही. एका घराने डब्यात ओतलेल्या आमटीचा भुर्दंड एका बाईच्या रोजच्या कमाईवर पडतो. हा हिशेब घराघरांत कळला, तर ओला-सुका वेगळा करण्यासाठी दंडाची भीती घालावी लागणार नाही.

सॅनिटरी नॅपकिन आणि डायपरचा प्रश्न याहून गंभीर आहे. नुसत्या हातांनी वर्गीकरण करणाऱ्या बाईसमोर वापरलेला नॅपकिन उघडाच येतो, तेव्हा तिच्या आरोग्याला धोका असतो आणि तिची विटंबनाही होते. पुण्याच्या कचरावेचकांनी 2013 मध्ये वापरलेल्या नॅपकिनच्या पिशव्या थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवल्या होत्या. तो निषेध अगदी रास्त होता. असा कचरा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, हे आवाहन याच संघटनेचे. ठिपका दिसला की पुडके न उघडता बाजूला ठेवता येते. घरात एक लाल पेन आणि रद्दीचे चार कागद न्हाणीघराजवळ ठेवले की काम झाले. फुटलेली काच आणि दाढीची पाती यांनाही तशीच खूण करावी.

ओला कचरा घराबाहेर जाऊच नये, हा सुका कचरा कोरडा राखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय. घरी खत करणे अवघड असल्याचा समज उगाच पसरला आहे. भोके पाडलेली जुनी बादली किंवा माठ घ्यावा. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळका पालापाचोळा, मग रोजची सालपटे आणि चहाचा चोथा, आणि पुन्हा पालापाचोळ्याचा थर. आंबट ताकाचा शिपका दिला की कुजण्याला वेग येतो. वास आला तर समजावे की ओल जास्त झाली, कोरडी पाने वाढवावीत आणि काठीने ढवळून हवा द्यावी. एवढीच विद्या आहे. शिजवलेले अन्न आणि हाडे सुरुवातीला टाळावीत. दोन-तीन महिन्यांत तळाशी काळसर, मातीच्या वासाचे खत मिळते.

हे केले नाही तर काय होते, ते महाराष्ट्राने पुरेसे पाहिले आहे. ओला आणि सुका कचरा एकत्र डोंगराएवढा साचला की आत हवा पोचत नाही, कुजताना मिथेन तयार होतो आणि तो वायू पेट घेतो. 2016 च्या जानेवारीत मुंबईतले देवनारचे कचराक्षेपण मैदान पेटले, धुराने पूर्व उपनगरे गुदमरली, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत नारेगावच्या गावकऱ्यांनी शहराचा कचरा घेणे बंद केले आणि पुढे मिटमिट्यात दंगलीपर्यंत पाळी आली. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या गाड्या किती वेळा अडवल्या! शहरातली सोय गावाच्या विहिरीत घाण होऊन उतरत असेल, तर गावकऱ्यांनी गाड्या का अडवू नयेत? घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणे प्रत्येक घराला बंधनकारक केले, तरीही कित्येक शहरांत आजही सगळे एकाच पिशवीत जाते.

वेंगुर्ल्याने वेगळी वाट दाखवली. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात या लहानशा नगरपरिषदेने घराघरांतून वर्गीकरण सुरू केले, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात वापरला आणि जुन्या कचरा डेपोच्या जागी लोक तिकीट काढून पाहायला येतील असे स्थळ उभे केले. मोठी महापालिका लोकसंख्येकडे बोट दाखवील, पण वेंगुर्ल्याच्या कामाचे मूळ घरच्या डब्यात होते, आणि घरचा डबा सगळीकडे सारखाच असतो.

काही वस्तूंबाबत मात्र खोटी आशा बाळगू नये. वेफर्सची चकचकीत पाकिटे अनेक थरांची असतात, त्यांना भंगारात सहसा गिऱ्हाईक नसते. दुकानातले गुळगुळीत बिल कागदासारखे दिसते, पण त्यावर रसायनाचा थर असतो, ते रद्दीत घालू नये. तेलकट खोकी आणि टिश्यू पेपरही कागदाच्या गठ्ठ्यात नकोत. अशा वस्तू कमी विकत घेणे हाच त्यांच्यावरचा उपाय. उलट ॲल्युमिनियमचा डबा कधीच फेकू नये. भंगारातून ॲल्युमिनियम पुन्हा घडवताना खनिजापासून बनवण्याच्या तुलनेत सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते.

कार्यालयात या सगळ्याची सुरुवात चहापासून व्हावी. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो ना धड कागदात जातो ना प्लास्टिकमध्ये. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवून दिले की 100 मिलिलिटर गरम द्रव अशा कपात 15 मिनिटे राहिला तर त्यात सुमारे 25 हजार सूक्ष्म प्लास्टिककण उतरतात. प्रत्येकाने आपला स्टीलचा किंवा चिनी मातीचा कप टेबलावर ठेवला, तर रोजच्या कपांचा ढीग उभाच राहणार नाही. प्रिंटरशेजारी एका बाजूने कोऱ्या कागदांचा ट्रे ठेवावा आणि त्याच कागदांच्या टिपणवह्या कराव्यात. बंद पडलेले संगणक, चार्जर आणि बॅटऱ्या नोंदणीकृत ई-कचरा संस्थेकडेच द्याव्यात. भलत्या हाती गेल्या तर तारा उघड्यावर जाळून तांबे काढले जाते आणि तो धूर कोणाच्या तरी लेकराच्या छातीत जातो. पुण्यात पूर्णम इकोव्हिजनसारख्या संस्था ई-कचरा गोळा करण्याच्या मोहिमा घेतात.

आणखी एक गोष्ट व्यवस्थापनाने स्वतः जाऊन पाहावी. कर्मचारी दोन डब्यांत कचरा टाकतात, पण संध्याकाळी सफाईच्या कंत्राटात तो एकाच काळ्या पिशवीत भरला जातो, असे अनेक ठिकाणी होते. हे कळले की लोकांचा उत्साह कायमचा मावळतो. कंत्राटातच दोन पिशव्यांची अट लिहिली पाहिजे.

शाळांच्या बाबतीत हाताशी मोठे धन आहे. टेल्कोमध्ये अभियंता असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण उपक्रमात गेले. तिथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांच्यापासून भूमितीच्या आकृत्या बनवल्या. नळीचा छोटा तुकडा हा सांधा, काड्या या बाजू. तीन काड्या जोडल्या की त्रिकोण ताठ उभा राहतो. चौथी जोडली की चौकोन हातात डुगडुगतो. पूल आणि छपरांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, ते मुलाला फळ्याविना कळते. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून अशी असंख्य खेळणी केली. कचऱ्यावर भित्तिपत्रके रंगवून घेण्यापेक्षा शाळांनी आठवड्याचा एक तास या खेळण्यांना द्यावा.

पुस्तकांचेही तसेच. जुनी पाठ्यपुस्तके पुढच्या वर्गाला देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांनी त्यावर कित्येक पिढ्या शिकवल्या. 2023-24 पासून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने घातली गेली, तेव्हा लिहिलेले पुस्तक दुसऱ्या मुलाच्या उपयोगाचे उरेनासे झाले. तो निर्णय पुढे मागे घेतला गेला, हे बरे झाले. आता निकालाच्या दिवशीच शाळेत पुस्तके गोळा करावीत आणि अर्धवट वह्यांची कोरी पाने शिवून नव्या वह्या कराव्यात. पुण्याच्या शिवाजीनगरातल्या हातकागद संस्थेत चिंध्यांपासून कागद कसा होतो, हे जवळच्या शाळांनी मुलांना जरूर दाखवावे.

राहिल्या गृहनिर्माण संस्था. विकण्याजोगा पुठ्ठा आणि बाटल्या आधीच काढून घेऊन उरलेली घाण कचरावेचक बाईच्या हाती देणे हा अन्याय आहे, तो थांबला पाहिजे. पुढच्या वार्षिक सभेत वाहनतळाच्या चर्चेआधी हा विषय घ्यावा आणि तिचे शुल्क वेळेवर देण्याबरोबर वर्गीकरणासाठी छपराची जागा, दिवा आणि हात धुवायला नळ, एवढे मंजूर करून घ्यावे.