तडजोड झाली, पण अपिलाचे काय?

आमच्या भाईजानचा टेम्पो घाटात उलटला. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला, पण रोजीचे साधन गेले. अपघात उशिरा कळवला, असे कारण देऊन विमा कंपनीने दावा फेटाळला. जिल्हा ग्राहक आयोगातही आमची तक्रार नामंजूर झाली. अपिलाची 45 दिवसांची मुदत संपण्याआधी आम्ही राज्य आयोगात गेलो. तारखा पडत राहिल्या. मग एक दिवस कंपनीचा फोन आला : दावा 2,40,000 रुपयांचा आहे, 1,60,000 घ्या आणि मिटवून टाका.

अम्मी म्हणाल्या, "हक्काचे पैसे का सोडायचे?" अब्बांचे म्हणणे वेगळे होते. टेम्पो बंद, कर्जाचे हप्ते चालू. सन्मानाने सुलह होत असेल तर करावी. शेवटी सगळ्यांना ते पटले.

कंपनीचा माणूस म्हणाला, "आधी अपील मागे घ्या, चेक आठवड्यात येईल." भाईजान सही करायला निघालेच होते. वकिलांनी थांबवले. अपील मागे घेतले की खालचा आदेश कायम राहतो, आणि तो तर आमच्या विरुद्ध होता. चेक आला नसता तर आमच्या हातात काय उरले असते?

सूरह बकराची 282 वी आयत कुरआनातील सर्वांत मोठी आयत. तिच्यात उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. आपण ती तिलावतीत वाचतो आणि व्यवहारात विसरतो. या वेळी विसरलो नाही. रक्कम किती, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात, वकिलाचा खर्च कोणाचा, हे सारे कागदावर आले. पैसे जमा झाल्यावर पुढच्या तारखेला आम्ही अपील मागे घ्यायचे, असे ठरले. दोन्हीकडच्या सह्या झाल्या.

पैसे आले. तारखेला अजून अवकाश होता. तेव्हा घरातलाच एक मुलगा म्हणाला, "अपील चालू राहू द्या ना, उरलेले 80,000 ही मिळतील!" क्षणभर आमचेही मन डळमळले, खोटे कशाला बोला? अब्बांनी एवढेच विचारले, "कागदावर सही कोणाची आहे?" सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या हुकुमाने होते. कंपनीने आम्हांला छळले, म्हणून आमचा शब्द हलका होत नाही.

ठरल्या तारखेला वकिलांनी पुरसीस दिली : तडजोड झाली, रक्कम मिळाली, अपील चालवायचे नाही. आयोगाने तसा आदेश केला. त्याची प्रमाणित प्रत आम्ही टेम्पोच्या कागदांसोबत जपून ठेवली आहे.

बहिणींनो, भावांनो, तुमच्या घरी असा प्रसंग आला तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पैसे हाती येण्याआधी अपील सोडू नका, आणि पैसे आल्यावर ते धरून बसू नका. पहिल्यात घराचे हित आहे, दुसऱ्यात ईमान. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.