जेवढं लावाल, तेवढंच मोकळं करा

नवी मुंबईतल्या नेरूळमध्ये बऱ्याच सोसायट्यांच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून, एखादा पडीक तुकडा असतो. पावसाळा सरला की तिथे कमरेएवढं रान माजलेलं असतं. तिथे भाजी लावायचं तुमच्या मनात असेल, तर जरूर लावा. फक्त सगळी जागा एकदम साफ करू नका. उघडी माती रिकामी राहत नाही. महिन्याभरात रान परत उगवतं आणि तुमचा हुरूप जातो.

आधी परवानगी. जागा सोसायटीची असेल तर कमिटीकडून लेखी घ्या. भिंतीबाहेरची असेल तर ती शहर वसवणाऱ्या सिडकोची की महापालिकेची, याची चौकशी करा. नाहीतर मेहनतीने केलेली बाग एका दिवसात उखडली जाईल. झाडाला हात लावायचा असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारा. 1975च्या वृक्ष संरक्षण कायद्याने विनापरवाना वृक्षतोड हा गुन्हा आहे.

मग 10 फूट बाय 10 फुटांचा एक कोपरा सुतळीने आखा. पहिल्या हंगामाला तेवढा पुरे.

गवतात शिरण्याआधी लांब काठी आपटा. गमबूट, जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. काम सकाळच्या उजेडातच करा. साप दिसला तर मारू नका. लांब व्हा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. सर्पदंशावरचं औषध जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळतं, ते आधीच विचारून ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल तर तेही घ्या. अशा जागेत फुटक्या काचा आणि गंजके खिळे हमखास असतात.

गवत विळ्याने कापा, पेटवू नका. धूर वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या छातीत जातो, आणि कचरा जाळायला मनाईही आहे.

गाजरगवत फुलायच्या आत मुळासकट उपटा. एका झाडाला हजारो बिया धरतात. नाकाला रुमाल बांधा. अंगाला खाज सुटते, दमेकऱ्यांना त्रास होतो.

लव्हाळा मात्र उपटून जात नाही. पात धरून ओढली की ती हातात येते आणि खाली मण्याएवढी काळी गाठ राहते. त्या गाठीतून नवा कोंब येतो. म्हणून फावड्याने माती उलटीपालटी करत बसू नका, गाठी तुटून पसरतात. खुरप्याने खोल जा, गाठी वेचा आणि बादलीत टाका. हे काम दर आठवड्याला थोडं थोडं करावं लागतं.

आता माती बघा. इथली बरीच जमीन भरावाची आहे. वरती दोन बोटं माती आणि खाली मुरूम, विटांचे तुकडे निघतात. हातभर खड्डा खणून पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर जमिनीत लावू नका. विटा रचून गुडघ्याएवढा उंच वाफा करा. त्यात चांगली माती, शेणखत आणि घरच्या ओल्या कचऱ्याचं खत भरा. वर वाळक्या पानांचा थर द्या. तण दबतं आणि ओल टिकते.

दिवाळीच्या सुमारास लाल माठ, मेथी, मुळा पेरा. महिन्याभरात पहिली जुडी घरात येते. भेंडी, पडवळ, अळू पावसाळ्यासाठी ठेवा. कडेला कढीपत्ता आणि शेवगा लावा.

अडचण आली तर करावे, सारसोळे, दारावे या मूळ गावांतल्या ज्येष्ठांना विचारा. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, त्याआधी या पट्ट्यात भातशेती आणि मिठागरं होती. कुठली जमीन कशी वागते, हे त्यांना ठाऊक आहे. टाकळा, कुर्डू या रानभाज्याही त्यांच्याकडूनच ओळखायला शिका. अंदाजाने काही खाऊ नका.

पाण्याचा ड्रम झाकून ठेवा. आठवड्यातून एकदा घासून कोरडा करा. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात होतो.

एकट्याने हे ओझं घेऊ नका. चार घरं मिळून वार वाटून घ्या आणि भाजीही वाटून घ्या. पहिला कोपरा हिरवा झाला, की मगच सुतळी पुढे सरकवा. येत्या रविवारी कमिटीला पत्र द्या आणि कामाला लागा.