आपण छोटे शेठ

गेल्या पावसाळ्यात नाक्यावरच्या एका पोरानं मला 'शेठ' म्हटलं. आणि दोस्तांनो, मला बरं वाटलं. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या बरं वाटण्याबद्दलच आहे.

मी वायरमन. आयटीआय केलं, दहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबलो, मग स्वतःची पिशवी खांद्याला लावली. ड्रिल, कटर, टेस्टर, पक्कड. दुकान नाही, गाळा नाही, मोबाइल नंबर हेच ऑफिस. किरकोळ काम एकटा उरकतो. पण अख्ख्या फ्लॅटचं वायरिंग बदलायचं असलं की भिंतीत झिऱ्या मारायला दुसरा माणूस लागतो. चार-सहा दिवसांपुरता. मग नाका गाठायचा.

नाका तुम्हाला सांगायला नको. आपल्यातल्या कितीतरी जणांचे बाप तिथं उभे राहिलेत. माझा बाप १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून मुंबईला आला आणि पाच वर्षं नाक्यावर बिगारी म्हणून विकला गेला. तो सांगायचा, सकाळी आठला माणसाला भाव असतो, दहाला तो ढासळतो, अकराला माणूस पडेल त्या रोजावर जातो, कारण रिकाम्या हातानं घरी जायचं नसतं. दहानंतर येणारा शेठ सगळ्यात हरामखोर, असं बाप म्हणायचा.

मी साडेदहाला जातो. मुद्दाम.

त्या दिवशी आठशेचा माणूस साडेपाचशेत आणला. किती दिवस काम? बघू. पैसे कधी? काम संपल्यावर. नाव विचारलं नाही. मदतनीसाला नाव कशाला लागतं? 'ए हेल्पर' म्हटलं की तो वळून बघतो.

नाव विचारलं ते पार्टीनं. पार्टी म्हणजे फ्लॅटवाल्या बाई. गाव कुठलं, आडनाव काय, सगळं विचारलं. त्यानं सरळ सांगितलं. पोरगा मातंग होता. दुसऱ्या दिवसापासून चहा दोन तऱ्हेनं यायला लागला. मला कपबशीत, त्याला प्लॅस्टिकच्या फेकायच्या ग्लासात. माझ्या कार्डावर आडनाव नाही, नुसतं 'इलेक्ट्रिकल वर्क्स' आहे. ते असंच छापून घेतलंय. मी ती कपबशी उचलली आणि चहा प्यालो. तोंडातून शब्द काढला नाही. चवदार तळ्याच्या आठवणीनं दरवर्षी २० मार्चला महाडला जाणारा मी, अठरा हजाराच्या कामासाठी बशीतला चहा फुरकत बसलो.

तिसऱ्या दिवशी मी कटरनं भिंतीवर रेघा पाडत होतो, तो छिन्नी-हातोड्यानं झिरी फोडत होता. विटेची कपची उडाली ती सरळ त्याच्या डोळ्यात. डोळ्यावर लावायचा चष्मा होता. एकच होता. माझ्या डोळ्यांवर.

दवाखान्यात नेलं. कपची निघाली, डोळा वाचला. आठ दिवस पट्टी, काम बंद. मी अडीच दिवसांची हजेरी मोजून दिली आणि वर पाचशेची नोट ठेवली. म्हटलं, औषधाला घे. तो म्हणाला, "शेठ, तुमचे लई उपकार." दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी नाक्यावरून दुसरा माणूस उचलला.

उपकार? कामावर जखमी झालेल्या कामगाराला मालकानं भरपाई द्यावी, असा कायदा या देशात इंग्रजांच्या काळात, १९२३ साली झाला. त्याच्या आठ दिवसांच्या बुडालेल्या रोजाचा हिशेब माझ्या अंगावर होता. तो मी एका नोटेत मिटवला आणि वर आभार घेतले. हक्काची भीक कशी करायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते आपोआप आलं. व्यवस्था म्हणतात ती हीच. ती मंत्रालयात असते तशी आपल्या पिशवीतही असते.

आता कुणी म्हणेल, तू कसला मालक? पार्टी तुझाच रेट पाडते, शेवटचे पैसे दोन महिने लोंबकळत ठेवते. खरं आहे. माझेही पैसे बुडालेत. पण वरून पडलेली लाथ खाली सरकवणं हा काही गरिबीचा नाइलाज नव्हे. बाबासाहेबांनी जातीला उतरंड म्हटलं ते याचसाठी. प्रत्येक मडक्याखाली एक मडकं, म्हणून कुणालाच उतरंड फोडावीशी वाटत नाही. आपण एस्टिमेट लिहितो तेव्हा केबलचा मीटर लिहितो, एमसीबी लिहितो, पट्टी-पाइप लिहितो. माणूस लिहीत नाही. माणूस 'त्यातच' बसवतो. त्याचा चष्मा, त्याचा चहा, त्याचा डोळा, सगळं त्यातच.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेब बोलले. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यातलं आपल्याला पाठ आहे. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. रेल्वेत अस्पृश्याला पोर्टर म्हणून घेत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरगडी म्हणूनही राबवतो आणि घरात त्याला अस्पृश्य चालत नाही. म्हणजे हाताखालचा माणूस कोण असावा, हे कामावरून ठरत नाही. चहाचा कप ठरवतो. मनमाडपासून त्या फ्लॅटच्या किचनपर्यंत फक्त कप बदललाय.

पुढं १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखान्यातल्या कामाचा आठवडा ४८ तासांवर आला तो त्यांच्याच खात्याच्या विधेयकानं. हे आपण जयंतीच्या बॅनरवर छापतो. आणि हेल्परला संध्याकाळचे आठ वाजले तरी 'एवढी भिंत उरकू' म्हणतो.

कायदा तरी कुठवर पुरतो? १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला, तो दहा किंवा जास्त माणसं लावणाऱ्यांना. मी आणि माझा हेल्पर, आमची बेरीज दोन. २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या कामगार संहिता आल्या, पण तो दहाचा आकडा गेला नाही. कल्याणकारी मंडळात नाव घालायचं तर वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरचा माणूस चार दिवस माझ्याकडे, तीन दिवस दुसऱ्याकडे. काम नव्वदच्या वर भरतं, पण 'होय, हा माझ्याकडे राबला' असं लिहून द्यायला कुणी पुढं येत नाही. कारण लिहिलं की तो कामगार होतो आणि आपण मालक ठरतो. आपल्याला 'शेठ' म्हणवून घ्यायचंय, फक्त मालक ठरायचं नाहीय.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे, आणि ते आधी माझ्याचसाठी आहे. वायरमन, प्लंबर, रंगारी, फर्निचरवाले असे आपल्या वस्त्यांतून आता कितीतरी जण स्वतःचं काम करतात. त्यांनी एक वही ठेवावी. तीत माणसाचं नाव, तारीख, काम, रोज, आणि खाली आपली सही. एक पान त्याला द्यावं. रोज सकाळी आठच्या भावानं ठरवावा आणि संध्याकाळी सहाला हातात ठेवावा, पार्टीनं आपल्याला दिलेले असोत वा नसोत. चष्मे दोन घ्यावेत. दीडशे रुपयांचा माल आहे, मी आता घेतलाय. एस्टिमेटमध्ये माणसाची ओळ वेगळी लिहावी. पार्टी कुरकुर करेल, एखादं काम जाईलही. माझी दोन गेली. आणि चहा दोन तऱ्हेनं आला तर एकही प्यायचा नाही. खाली उतरून टपरीवर दोघांनी प्यायचा. स्टेजवरून 'समस्त दलित' म्हणायचं आणि फ्लॅटमध्ये कपबशी उचलायची, हे भडवेपण बंद.

त्या पोराला शोधत मी नाक्यावर तीनदा गेलो. आठ वाजता गेलो. सापडला नाही. नावच माहीत नव्हतं, तर विचारणार कुणाला? त्याच्या आठ दिवसांचे चार हजार चारशे अजून माझ्याकडे आहेत. ते पैसे माझे नाहीत, हे इथं लिहून ठेवतो. छापलेलं नाकारता येत नाही.

तुमच्याकडेही कुणाचे तरी असतील. हिशेब काढा.

जय भीम.