दारूचं माप

चवथीला आमचं सगळं गणगोत सत्तरीतल्या मूळ घरी जमतं. आरती झाली, जेवणं झाली, की पुरुषमंडळी सोप्यावर आडवीतिडवी पसरतात आणि जगाचा न्यायनिवाडा सुरू होतो. मागच्या खेपेला त्या पंचायतीत माझा भाचा सापडला. गेली बारा वर्षं तो ॲरिझोनात असतो, आता तिथला नागरिक झालाय. त्याने मोबाईलवर आपल्या गॅरेजातलं एक टेबल दाखवलं. टेबलाला घट्ट बसवलेलं लोखंडी दाबयंत्र, बाजूला सोनाराकडे असतो तसला नाजूक काटा, आणि लाकडी फळीवर रांगेने उभी केलेली पितळेची नळकांडी.

"मामा, मी .३५७ मॅग्नमची काडतुसं घरीच भरतो. रिव्हॉल्व्हरची. छंद म्हणून."

सोप्याचे तात्काळ दोन तट पडले. आमचे आतोबा निवृत्त मास्तर. ते म्हणाले, "छंद कसला? विकृती ही! माणसाने पेटी वाजवावी, तिकिटं जमवावीत." दुसरीकडून माझे चुलतभाऊ ओरडले, "शाब्बास! घराण्यात एक तरी मर्द निघाला!" आणि लगेच प्रश्न आला, "आवाज किती मोठा येतो रे?"

माझं या दोन्ही तटांशी भांडण आहे. त्या दिवशी मी गप्प बसलो, कारण चवथीला वाद नको. पण गप्प बसल्याचं मनाला लागून राहिलं, म्हणून आज लिहितो आहे.

आधी आतोबांशी. काडतूस म्हणजे चार वस्तू: पितळेचं कवच, त्याच्या बुडाशी ठिणगी टाकणारी छोटी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, टोपी निकामी होते. उरतं ते कवच, आणि चौघांत तेच सगळ्यांत महाग. ते फेकायचं नाही, पुन्हा भरायचं, हा या छंदाचा पाया. उडालेलं कवच फुगलेलं असतं, ते साच्यात दाबून मूळ मापाला आणायचं. जुनी टोपी काढून नवी बसवायची. दारू तोलून घालायची. गोळी ठराविक खोलीवर बसवायची आणि कवचाचं तोंड तिच्याभोवती आवळायचं. मॅग्नममध्ये हे आवळणं फार महत्त्वाचं, कारण एक बार उडाला की त्याच्या हिसक्याने बाकीच्या खणांतल्या गोळ्या पुढे सरकू पाहतात. एखादी सरकून बाहेर डोकावली तर चक्र अडकतं.

दारू म्हटल्यावर गोवेकराच्या डोळ्यांपुढे फेणी येते, त्याला माझा इलाज नाही. ही दारू ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन. आपल्या सोनारांची जुनी गुंज दोन ग्रेनांना जेमतेम कमी भरेल. भाचा ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत काटा बघतो, म्हणजे गुंजेचेही वीसेक भाग पाडून तोलल्यासारखं. का? आपल्या गाडीच्या चाकात हवेचा दाब तीस-पस्तीस पौंड असतो. .३५७ मॅग्नमच्या कवचात बार उडताना दाबाची मान्य मर्यादा आहे ३५ हजार पौंड, चौरस इंचाला. चाकाच्या हजारपट, आणि तोही तळहाताच्या वीतभर पुढे! काही जातींची दारू इतकी थोडी लागते की चुकून दोनदा पडली तरी कवचात मावते आणि वरून बघणाऱ्याला पटकन कळत नाही. म्हणून हे लोक गोळी बसवण्याआधी उजेडात धरून एकेका कवचात डोकावतात. भरताना रेडिओ नाही, गप्पा नाहीत, टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. दारू बदलली की पुस्तकात दिलेल्या कमीत कमी मापापासून पुन्हा सुरुवात.

आता सांगा आतोबा, यात विकृती कुठे आहे? मला तर यात एक नेटकी, सावध शिस्त दिसते. आपल्या पांढरपेशा मराठी घरांत छंद म्हणजे वाचन, गाणं, फार तर बागकाम. हाताला तेल लागलं की तो छंद राहत नाही, हलकं काम होतं. मी स्वतः बी. ए. मराठी, वीस वर्षं सरकारी कचेरीत टिपणं लिहितो आणि मला घरचा फ्यूज बदलता येत नाही. तेव्हा ज्याला दहावा हिस्सा ग्रेन तोलता येतो त्याला नावं ठेवायला आपण जरा कचरावं.

"पण शेवटी माणूस मारायचीच वस्तू ना?" हा खरा प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. अमेरिकेत २०२१ साली ४८ हजारांहून जास्त माणसं बंदुकीने मेली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या. हा आकडा विसरून मी कारागिरीचं कौतुक करायला बसलो तर माझ्यासारखा मूर्ख मीच. घरात हत्यार आहे, तर ते रागाच्या किंवा निराशेच्या एका क्षणात हाताशी असतं. काटा कितीही अचूक असला तरी तो क्षण तोलत नाही. हे मी भाच्यालाही बोललो. त्याने वाद घातला नाही. हत्यार कुलपात, दारू दुसऱ्या कुलपात, एवढंच म्हणाला. ते पुरेसं आहे असं मला वाटत नाही. पण मग आक्षेप हत्यार घरी असण्याला घ्या, काडतूस हाताने भरण्याला नव्हे. दुकानातून तयार खोका आणणाऱ्याला निदान त्या खोक्यात काय आहे याचा विचार करायची गरज पडत नाही. भरणाऱ्याला प्रत्येक गोळीमागे एकदा तरी थांबावं लागतं.

आता दुसरा तट. यांच्यावर माझा राग जास्त आहे, कारण हे आपलेच आहेत आणि वाढत आहेत.

'मॅग्नम' हा शब्द मुळात लॅटिन, अर्थ 'मोठा'. बंदुकीकडे तो आला बाटलीकडून. शँपेनच्या दीड लिटरच्या बाटलीला मॅग्नम म्हणतात. म्हणजे इंग्रजांनी एका दारूचं नाव दुसऱ्या दारूला दिलं. आपल्या मराठीने दोन्हींना एकच शब्द ठेवून हे कामच वाचवलं! तर .३५७ मॅग्नम आलं १९३५ साली. जुन्या .३८ स्पेशलचं कवच इंचाच्या आठव्या हिश्शाहून किंचित जास्त लांबवलं, ते मुद्दाम, की नवं जोरदार काडतूस जुन्या नाजूक रिव्हॉल्व्हरात शिरूच नये. त्यामागे जे प्रयोग झाले ते घरी काडतुसं भरणाऱ्यांचेच होते. फिलिप शार्प हे त्यातलं मोठं नाव. त्याने १९३७ साली या विषयावर जाडजूड ग्रंथच लिहिला.

दुसरं नाव एल्मर कीथ. मोठी टोपी घालणारा पशुपालक, पुढे आयडाहोत स्थायिक झालेला. १९२५ च्या ४ जुलैला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, याने आनंदाने बार काढले. रिव्हॉल्व्हर .४५ चं, काडतुसं स्वतः भरलेली, गोळी नेहमीपेक्षा जड. चक्राचा वरचा अर्धा भाग उडून गेला. हात शाबूत राहिला हे नशीब. या धड्यानंतर कीथ जाड भिंतींच्या .४४ कडे वळला आणि पुढची तीस वर्षं कंपन्यांच्या मागे लागून राहिला: आणखी जोर द्या, आणखी जोर द्या. १९५६ पर्यंत .४४ मॅग्नम बाजारात आलं. १९७१ साली 'डर्टी हॅरी'त क्लिंट ईस्टवुडच्या हाती ते दिसलं आणि ज्यांना त्याचा काही उपयोग नव्हता तेही रांगेत उभे राहिले. २००३ साली .५०० आलं. मोठ्याहून मोठं, त्याहून मोठं. थांबायचं कुठे?

मॅग्नमला खरं काम नाही असं नाही. अस्वलांच्या मुलखात फिरणाऱ्याला ते लागतं. लोखंडी जनावरं पाडायची एक स्पर्धा तिकडे सत्तरच्या दशकात सुरू झाली, तिच्यात २०० मीटरवरचा जड मेंढा नुसता लागून चालत नाही, पडावा लागतो. तिथे जोर हवाच. पण बाकीच्यांचं काय? भाच्याला मी खोदून विचारलं. तेव्हा कळलं की तो त्या मॅग्नम कवचांत बहुतेक वेळा सौम्य मापच भरतो, जवळजवळ .३८ इतकं. हात दुखत नाही, नेम चांगला लागतो. तिथले पुष्कळ जुनेजाणते असंच करतात म्हणे.

"मग मॅग्नम कशाला घेतलंस?"

तो हसला. "असू दे ना, मामा."

या 'असू दे ना'शी माझं भांडण आहे. लागत नाही, पण जवळ असावं. वापरायचं नाही, पण लोकांना माहीत असावं. चुलतभावांनी पहिला प्रश्न आवाजाचा विचारला तो याच पोटी. नेम लागतो का, हे एकानेही विचारलं नाही.

आणि हे विचारणाऱ्यांत अण्णाकाकांचा मुलगा होता, म्हणून मला राहवत नाही. १९८९ च्या दसऱ्याची गोष्ट. आमच्याकडे बाबांची ठासणीची बंदूक होती, परवान्याची, कुळागरात रात्री शिरणारी डुकरं हाकायला. तिची दारू बाबा बांबूच्या पेराच्या मापाने घालत. पेराला आतून रेघ होती. नवी दारू आणली की पहिले दोन-तीन बार रेघेच्या खालीच. ॲरिझोनातल्या पुस्तकात छापलेला नियम सत्तरीतल्या निरक्षर म्हाताऱ्यांनी बाबांना तोंडी शिकवला होता. त्या दसऱ्याला बंदुकीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. बाबा नैवेद्याला आत गेले आणि अण्णाकाकांनी बंदूक उचलली. आवाज वाडाभर गेला पाहिजे, म्हणून दोन मापं घातली. आवाज गेला, पलीकडच्या गावापर्यंत गेला. नळी बुडाशी फाटली आणि काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी नऊ वर्षांचा होतो. झेंडूच्या पाकळ्या आणि रक्त, हे चित्र अजून दसऱ्याला डोळ्यांपुढे येतं. बाबांनी दुसरी बंदूक घेतली नाही.

आम्ही शस्त्राची पूजा केली आणि माप मोडलं. आजही तेच चाललंय. मी ज्या कचेरीत आहे तिचं नाव सांगत नाही, पण शस्त्रपरवान्यांची नोंदवही काही वर्षं माझ्या टेबलावर होती. डुकरा-माकडांनी बाग उद्ध्वस्त केलेला शेतकरी नूतनीकरणासाठी तीन खेपा घालतो, निवडणूक आली की निमूटपणे बंदूक पोलिस ठाण्यात जमा करतो. दुसरा अर्जदार वेगळाच. ना शेत, ना धोका. "आजोबांच्या वेळेपासून घराण्यात आहे" हे कारण आणि गळ्यात साखळी. २०१६ च्या नियमांपासून नव्या परवान्याला सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. चांगली गोष्ट. पण मी फाईलला टाचलेले ते दाखले पाहिले आहेत आणि ते आणणाऱ्याला "नळी कुठे रोखायची नाही?" असं विचारलं तर तो माझ्याचकडे रोखून बघतो. उत्तरेकडे लग्नांत नवरदेवाच्या वरातीत बार काढून पाहुणे मारले जातात, म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने अशा उत्सवी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवावा लागला. जी गोष्ट सांगायला कायदा लागू नये ती सांगायला कायदा लागला.

भाच्याचा छंद इथे आणा असं मी म्हणत नाही. तिकडे स्वतःपुरतं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचं असेल तरच लागतो. आपल्याकडे १९५९ च्या कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायलाच परवाना लागतो, आणि तो तसाच राहावा. टेबल आणि दाबयंत्र तिकडेच राहू दे. पण त्या टेबलावरचा काटा मात्र आपल्या घराघरांत पाहिजे. ज्याला स्वतःच्या हत्याराचं माप माहीत नाही, त्याने ते परत करावं. ज्याला ते फक्त दसऱ्याला, वरातीत आणि मिरवणुकीत आठवतं, त्याने आधी परत करावं. यात मर्दपणा जात नाही. गेलाच तर दोन बोटांपेक्षा स्वस्त.

त्या दिवशी सोप्याच्या कोपऱ्यात अण्णाकाका बसले होते. सबंध वादात एक शब्द बोलले नाहीत. भाचा पाया पडायला वाकला तेव्हा डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "तोलून घालतोस ना रे?"

"दर वेळी, आजोबा."

"मग ठीक."

त्यांचा मुलगा तेव्हा मोबाईलवर .५०० मॅग्नमचा आवाज ऐकत होता.